पुनःश्रवणमीमांसा: अर्थात रशकडे परतणाऱ्या श्रोत्यांचा सप्रमाण पण निरुपयोगी अभ्यास

१. अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगण्याची रीत आहे. ती मोडण्याचे आमचे वय राहिलेले नाही. विषय असा: टोरंटोचा ‘रश’ हा रॉक बँड तरुणपणी पारायणे करकरून ऐकलेला, मग नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांत वीस-पंचवीस वर्षे विसरलेला, आणि पन्नाशीच्या आसपास एका रिकाम्या दुपारी पुन्हा ऐकू लागलेला मनुष्य. प्रयोजन: काही नाही. संबंध: विषयाचा प्रयोजनाशी असू शकेल तितकाच. अधिकारी: सात मात्रांची गत आठाची समजून ज्याने एकदा तरी भलत्या जागी मान डोलावली आहे असा कोणीही वाचक.

बँडची कुंडली थोडक्यात मांडतो. जन्म १९६८, टोरंटोच्या उत्तरेचे विलोडेल उपनगर. गिटारवर अॅलेक्स लाइफसन. गेडी ली बास गिटार वाजवतो, गातो, हात मोकळा मिळाला तर कीबोर्ड वाजवतो आणि हात मोकळा नसेल तेव्हा पायाने पेडल दाबून सूर काढतो. ड्रमवर जुलै १९७४ पासून नील पिअर्ट, आणि बहुतेक सगळी गाणी लिहिणाराही तोच. १९७४ ते २०१२ या काळात एकोणीस स्टुडिओ अल्बम झाले. पिअर्ट आल्यापासून २०१५च्या शेवटच्या मैफलीपर्यंत तिघांतला एकही बदलला नाही.

घाईच्या वाचकाला इथूनच निघून जाता यावे म्हणून प्रमेय आताच सांगून टाकतो. रश पहिल्यांदा ऐकताना माणूस गंभीर होतो, दुसऱ्यांदा ऐकताना हसतो, आणि दुसरे ऐकणे अधिक बरोबर असते. राहिलेला ग्रंथ ही केवळ सिद्धता आहे.

२. उत्पत्तिप्रकरण

पुन्हा सापडण्यासाठी आधी एकदा सापडावे लागते. रशचे पहिले सापडणे क्लीव्हलँडच्या डब्ल्यूएमएमएस या रेडिओ केंद्रावर १९७४ साली झाले. कोणतीही कंपनी घेईना म्हणून बँडने पहिला अल्बम स्वतःच्याच ‘मून रेकॉर्ड्स’तर्फे काढला होता. त्याची प्रत कॅनडातून डॉना हॅल्पर या संगीत-संचालिकेच्या टेबलावर आली. तिने त्यातले ‘वर्किंग मॅन’ हे सात मिनिटांचे गाणे निवडले. निवडीची कारणे तिने पुढे सांगितली आहेत. त्यांत गाण्याची लांबीही येते, कारण निवेदकाला प्रसाधनगृहात जाऊन यायचे असेल तर लांब गाणे हाताशी असलेले बरे.

गाणे लागले आणि केंद्राचे फोन खणखणू लागले. लेड झेपेलिनचा नवा अल्बम कधी आला, असे लोक विचारत होते. वेदान्ती ज्याला रज्जुसर्पन्याय म्हणतात त्याचे इतके शुद्ध उदाहरण रॉकच्या इतिहासात दुसरे नाही. दोरी होती, लोकांना साप दिसला, आणि दोरीचे नशीब फळफळले.

या प्रकरणाचे एक उपप्रकरण आहे. रशच्या मैफलीत स्त्रियांच्या प्रसाधनगृहापुढे रांगच नसते, हा चाहत्यांमधला फार जुना विनोद. म्हणजे या बँडच्या चरित्रात प्रसाधनगृह दोनदा येते, एकदा कारण म्हणून आणि एकदा परिणाम म्हणून. मात्र ज्या बँडला बायका ऐकत नाहीत असे म्हणतात, तो अमेरिकेला प्रथम ऐकवला एका बाईने. रांगेचा विनोद सांगणारे हा भाग गाळून सांगतात.

३. प्रकारप्रकरण

परतणाऱ्या श्रोत्यांचे, ते कशामुळे परतले त्यावरून, पाच प्रकार पडतात.

पहिला खेळज. २००६च्या ‘गिटार हीरो टू’ या व्हिडिओ गेममध्ये रशची ‘वायवायझेड’ ही धून होती आणि २००७च्या ‘रॉक बँड’मध्ये ‘टॉम सॉयर’. मुलगा प्लॅस्टिकच्या गिटारीची रंगीत बटणे दाबत बसलेला असतो. बाप दारावरून जातो, थबकतो, “हे तुला कुठे मिळाले?” असे विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता आत येऊन बसतो. त्यानंतर गिटार मुलाला परत मिळत नाही.

दुसरा पटज. २००९च्या ‘आय लव्ह यू, मॅन’ या विनोदी चित्रपटात दोन प्रौढ पुरुषांची मैत्री रशच्या वेडातून जमते, आणि त्यात तिघेही स्वतः दर्शन देतात. पुढच्या वर्षी ‘बियाँड द लाइटेड स्टेज’ हा माहितीपट आला. तो पाहून कित्येकांना कळले की आपण एकटेच नव्हतो. हे कळायला काहींना तीस वर्षे लागली होती.

तिसरा मानज. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पात्र झाल्यावरही या बँडला बरीच वर्षे दारात ताटकळत ठेवले आणि २०१३ साली आत घेतले. समीक्षकांच्या भीतीने ज्यांनी आपले अल्बम माळ्यावर टाकले होते त्यांनी ते त्या आठवड्यात खाली काढले. सरकारी शिक्का बसल्यावर आपली आवड आपल्याला आवडू लागणे हे या प्रकाराचे लक्षण.

चौथा शोकज. ७ जानेवारी २०२० रोजी पिअर्ट मेंदूच्या कर्करोगाने गेला. साडेतीन वर्षांचे आजारपण त्याने आणि जवळच्यांनी जगापासून लपवून ठेवले होते, आणि निधनाची बातमीही तीन दिवसांनी बाहेर आली. या प्रकारच्या श्रोत्याविषयी ग्रंथकार विनोद करत नाही.

पाचवा स्वयंभू. याला काहीच निमित्त लागत नाही. भांडी विसळता विसळता त्याच्या तोंडून एक तुकडा बाहेर पडतो आणि हा कशातला, ते शोधण्यात त्याची संध्याकाळ जाते. संख्येने हाच सर्वांत मोठा असावा असे अनुमान आहे. पण हा प्रकार एकट्याने राहतो, त्यामुळे मोजला जात नाही.

४. लक्षणप्रकरण

परतलेला श्रोता दुरून ओळखण्याची खूण म्हणजे हातात काड्या नसताना ड्रम वाजवणे. इतर बँडचे चाहते हवेत गिटार वाजवतात. रशचे चाहते हवेत ड्रम वाजवतात, आणि तेही एकसाथ. ‘टॉम सॉयर’च्या मधल्या वाद्यभागात पिअर्ट सातांच्या चक्रात असतो आणि तिथून सुटताना ड्रमवर लागोपाठ उतरतो. त्या जागी हजारो प्रौढ नागरिकांचे हात एकाच वेळी एकाच अदृश्य ड्रमवर पडतात. कवायतीच्या मैदानावरही इतकी शिस्त क्वचित दिसते.

लक्षणांत दुसरे स्थान तालगणिताचे. त्यासाठी ‘वायवायझेड’ घेऊ. ही तीन अक्षरे म्हणजे टोरंटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत. वैमानिकांना तो मोर्स लिपीत ऐकू येतो आणि धूनही त्याच ठेक्याने सुरू होते. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. आखूडाला एक आणि लांबाला दोन धरा. पहिल्या वायचे सात, दुसऱ्याचे सात, झेडचे सहा. बेरीज वीस, दुगुनीत धरली तर मात्रा बरोबर दहा.

दहा मात्रा म्हटल्यावर मराठी वाचकाचा हात आपोआप झपतालाकडे जाईल. जाऊ द्यावा, पण सावधपणे. झपतालाची विभागणी दोन-तीन-दोन-तीन. विमानतळाची साडेतीन-साडेतीन-तीन. पहिल्या मात्रेवरची टाळी बरोबर बसते. तिसऱ्या मात्रेवरची वायच्या पोटात पडते आणि सहाव्या मात्रेवरची खाली अधांतरी राहते. मात्र आठव्या मात्रेवर टाळी दिली की ती नेमकी झेडच्या उंबऱ्यावर येते आणि शेवटच्या तीन मात्रा दोघांच्या एक होतात. टोरंटोच्या विमानतळाने झपतालाचा शेवटचा विभाग मान्य करून बाकीचे नाकारले आहेत, असा याचा निष्कर्ष निघतो. तो कोणाच्या उपयोगाचा आहे असे आम्ही म्हणत नाही.

शेवटच्या अक्षराच्या उच्चारावरून चाहत्यांत वाद आहे. अमेरिकन ‘झी’ म्हणतात, कॅनेडियन ‘झेड’, आणि धूनच कॅनेडियन असल्यामुळे दुसरे बरोबर. शाळेत पहिल्या दिवसापासून ‘झेड’ घोकलेला मराठी श्रोता या बाबतीत जन्मतःच शुद्ध आहे. शिवाय मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनला मुलाकडे निघालेल्या आईबाबांच्या बॅगांवर, म्हणजे ज्यांत मेतकूट आणि भाजणी कपड्यांत गुंडाळून ठेवलेली असते त्या बॅगांवर, विमान कंपनी हीच तीन अक्षरे चिकटवते. रशचे बोधचिन्ह बाळगून टोरंटोत उतरणाऱ्या मराठी मंडळींची संख्या म्हणून बरीच मोठी आहे. त्यांना याची कल्पना नाही, इतकेच.

या धुनेला शब्द नाहीत. तरीही नोव्हेंबर २००२ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर ती वाजली तेव्हा ब्राझीलचे श्रोते ती उड्या मारत एका सुरात गायले. चित्रीकरण उपलब्ध आहे. शब्द नसलेले गाणे पाठ असणे ही भक्तीची परमावधी होय.

५. प्रमेयप्रकरण

आता मुख्य सिद्धता. पहिल्या श्रवणाचा श्रोता साधारण सोळा वर्षांचा असतो आणि सोळाव्या वर्षी माणसाला विनोद कळत नाही. त्याच्यापुढे अठरा मिनिटांची गाणी येतात. एक अंतराळयान कृष्णविवरात शिरते, अल्बम तिथेच संपतो आणि कथेचा उरलेला भाग पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये येतो. मुलगा हे सारे गंभीरपणे घेतो. समीक्षकांनीही ते तितक्याच गंभीरपणे घेतले आणि बँडला आढ्यतेखोर ठरवले. मुलगा आणि समीक्षक यांच्या निष्कर्षात फरक होता, चूक मात्र एकच होती.

परतलेला श्रोता तेच अल्बम पुन्हा काढतो आणि यावेळी चष्मा लावून छोटा मजकूर वाचतो. १९७८च्या ‘हेमिस्फिअर्स’वरची ‘ला व्हिला स्ट्रँजियाटो’ ही साडेनऊ मिनिटांची वाद्यरचना लाइफसनच्या विचित्र स्वप्नांवर बेतलेली. तिचे बारा भाग आहेत आणि उपशीर्षकात बँडने स्वतःच लिहून ठेवले आहे की हा आत्मलाडाचा एक सराव आहे. समीक्षक जो आरोप करणार होते तो आरोपीने आधीच वेष्टनावर छापून दिला होता.

१९८१च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’चे मुखपृष्ठ घ्या. टोरंटोच्या क्वीन्स पार्कमधील विधानसभेच्या पायऱ्यांवर हमाल तसबिरी हलवत आहेत. बाजूला त्या तसबिरी पाहून हेलावलेले लोक रडत आहेत. मलपृष्ठावर कळते की या सगळ्याचे चित्रपटासाठी चित्रीकरण चालू आहे. एका नावाचे तीन अर्थ तीन थरांत मांडलेत, आणि हमालांच्या हातातली एक तसबीर पत्ते कुटणाऱ्या कुत्र्यांची आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘सिग्नल्स’च्या मुखपृष्ठावर एक ठिपक्यांचा कुत्रा अग्निशामक नळ हुंगतो आहे. चाळीस वर्षांपूर्वी यात तत्त्वज्ञान शोधलेल्या सद्गृहस्थांची आज काय अवस्था होत असेल, हे वाचकांनी ताडावे.

यापेक्षा भक्कम पुरावा मंचावरचा. गेडी लीने स्वतःच्या मागचे मोठाले अॅम्प्लिफायर काढून टाकले, कारण बासचा आवाज थेट ध्वनियंत्रणेत जाऊ लागला होता. लाइफसनच्या बाजूला यंत्रांची भिंत आणि लीच्या बाजूला मोकळी जागा, असे वाईट दिसू लागले. २००२च्या दौऱ्यात त्या जागी कपडे वाळवायची यंत्रे आली. त्यांत टी-शर्ट गरगरत. मधून मधून एक कामगार येऊन यंत्रात नाणी टाकून जाई, आणि शेवटी ते टी-शर्ट श्रोत्यांत भिरकावले जात. पुढे २००७च्या दौऱ्यात त्यांची जागा कोंबड्या भाजायच्या भट्ट्यांनी घेतली. आचाऱ्याच्या वेषातला माणूस मैफल चालू असताना येऊन त्यांना तेल-मसाला लावून जाई. ली मात्र तिकडे ढुंकूनही न पाहता अवघड बास वाजवत असे.

२०१३च्या हॉल ऑफ फेम समारंभात ली आणि पिअर्ट रीतसर बोलले. मग लाइफसन पुढे आला आणि अवघे भाषण त्याने ‘ब्ला’ या एकाच अक्षराच्या आवर्तनांनी व अभिनयाने केले. आभार, आठवणी, सुरुवातीचे हलाखीचे दिवस, फोनवर आलेली बातमी, सगळे त्यात होते आणि सगळे कळत होते. आमच्या मते मानपत्र-वाङ्मयाची याहून संक्षिप्त मीमांसा झालेली नाही.

६. अंतःप्रमाण

परतण्याचे शास्त्र रशनेच लिहून ठेवले आहे, असा आमचा दावा आहे. १९७५च्या ‘कॅरेस ऑफ स्टील’ला श्रोत्यांनी पाठ दाखवली. दौऱ्यात सभागृहे रिकामी राहू लागली तेव्हा बँडने त्या दौऱ्यालाच गटारात जाण्याचे नाव ठेवले. कंपनीने बजावले की आता छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी करा. तिघांनी बजावणी ऐकून घेतली आणि १९७६ साली एक अख्खी बाजू व्यापणारे वीस मिनिटांचे ‘२११२’ केले. तोच अल्बम चालला आणि बँड वाचला.

त्याची कथा अशी. २११२ साली सिरिंक्सच्या मंदिरांतले पुजारी लोकांनी काय वाचावे, काय ऐकावे हे ठरवतात. एका तरुणाला धबधब्यामागच्या गुहेत एक प्राचीन गिटार सापडते. तो ती लावतो, स्वतःच शिकतो आणि आनंदाने पुजाऱ्यांकडे घेऊन जातो. पुजारी ती जुनाट आणि निरुपयोगी म्हणून चिरडून टाकतात. आता सोळा वर्षांचा श्रोता स्वतःला तो तरुण समजतो, आणि पुजारी म्हणजे आईबाप. पन्नाशीचा श्रोता माळ्यावरच्या खोक्यातून हाच अल्बम काढतो, लावतो, आणि आनंदाने सोळा वर्षांच्या मुलीला ऐकवायला जातो. ती एक मिनिट ऐकते आणि म्हणते, “बाबा, हे संपणार कधी?” पुजारी बदलले, कथा तीच राहिली. फरक एवढाच की कथेतला तरुण त्यानंतर जीव देतो आणि आपला श्रोता हेडफोन विकत आणतो.

७. तीर्थप्रकरण

परतलेल्या श्रोत्याला पुढेमागे तीर्थयात्रा घडते. क्वीन्स पार्कच्या पायऱ्या हे मुख्य क्षेत्र, तिथे रिकाम्या हातांनी तसबीर उचलल्याचा अभिनय करून छायाचित्र काढायचे असते. विलोडेलमध्ये ली आणि लाइफसन यांच्या नावाची बाग आहे. क्वेबेकमधील मोरिन-हाइट्सला ‘ल स्टुडिओ’ होता, ‘मूव्हिंग पिक्चर्स’ जिथे ध्वनिमुद्रित झाला. तो ओस पडला, २०१७ साली त्याला आग लागली, आणि भक्त भग्नावशेषही पाहून येत राहिले. सेंट कॅथरिन्समधल्या पोर्ट डलहौसीत पिअर्टच्या बालपणीचे लेकसाइड पार्क आहे. तिथले लाकडी घोड्यांचे चक्र पाच सेंटांत फिरवून आणते. पाच सेंटांत पूर्ण होणारी ही बहुधा जगातील सर्वांत स्वस्त तीर्थसेवा. विमानाचे भाडे वेगळे.

८. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

पूर्वपक्ष म्हणतो: हे परतणे म्हणजे गेलेल्या तारुण्याची हळहळ आहे, संगीताशी त्याचा संबंध नाही. उत्तर: तसे असते तर श्रोता जे आठवत होते तेच ऐकून थांबला असता. प्रत्यक्षात त्याला पूर्वी न ऐकलेले ऐकू येते. आणि परतणे ही श्रोत्यांची मक्तेदारीही नाही. २००२चा ‘व्हेपर ट्रेल्स’ इतका चढ्या आवाजात मुद्रित झाला की सूर फाटल्यासारखे वाटत. बँडला ते सलत राहिले आणि २०१३ साली अख्खा अल्बम पुन्हा मिसळून काढला गेला. २०१५च्या दौऱ्यात तर गाण्यांचा क्रम उलटा लावला होता. मैफल पुढे जाई तशी लाल कपड्यांतली माणसे मंचावरची सामग्री काढत जात, आणि शेवटी उरे ते शाळेच्या सभागृहासारखे दृश्य, खुर्च्यांवर ठेवलेले छोटे अॅम्प्लिफायर. ज्यांची गाणी, तेच असे मागे फिरून पाहत असतील तर ऐकणाऱ्याने लाजू नये.

दुसरा पूर्वपक्ष जड आहे: ज्या कहाणीत इतके दुःख आहे तिथे तुम्हाला कोंबड्या कशा दिसतात? ऑगस्ट १९९७ मध्ये पिअर्टची तेव्हाची एकुलती मुलगी अपघातात गेली, पुढच्या जूनमध्ये पत्नी कर्करोगाने गेली. मला आता निवृत्त समजा, असे मित्रांना सांगून तो मोटरसायकलवर निघाला आणि सुमारे ८८,००० किलोमीटर फिरला. मित्र थांबले. त्यांनी दुसरा ड्रमर शोधला नाही. तो परत आल्यावरचा पहिला दौरा २००२चा.

वाचकाच्या ध्यानात आले असेल. कपडे वाळवायची यंत्रे मंचावर आली तो हाच दौरा. यंत्रांचे कारण मोकळी जागा भरणे हेच, त्यात आणखी अर्थ कोंबणार नाही. पण पाच वर्षांनी तिघे एकत्र मंचावर आले तेव्हा त्यांच्यामागे गंभीर काही न ठेवता टी-शर्ट गरगरत होते, एवढे सत्य आहे. पहिल्या श्रवणाचा श्रोता विचारतो, हा थिल्लरपणा इथे कशाला? दुसऱ्या श्रवणाच्या श्रोत्याच्या घरातूनही एव्हाना कोणी ना कोणी गेलेले असते. तो हे विचारत नाही. इति सिद्धम्.

९. शेषप्रश्न

एक प्रश्न पुढील संशोधकांसाठी उरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ली आणि लाइफसन यांनी २०२६च्या ‘फिफ्टी समथिंग’ या दौऱ्याची घोषणा केली. आरंभ लॉस एंजेलिसच्या फोरमवर, म्हणजे १ ऑगस्ट २०१५ रोजी जिथे शेवटची मैफल झाली होती तिथेच, आणि ड्रमवर जर्मनीची आनिका निलेस. पिअर्टच्या आसनावर एक स्त्री. रांगेचा जुना विनोद यानंतर टिकतो का, हे प्रसाधनगृहापुढे उभे राहून मोजता येईल.

खरी परीक्षा मात्र तिची नाही. पिअर्टची प्रत्येक थाप पाठ असलेले हजारो परीक्षक हात वर करून समोर असणार. तिची थाप इकडची तिकडे झाली तर ती सगळ्यांना ऐकू जाईल. परीक्षकांच्या हातांत काड्याच नसल्यामुळे चाळीस वर्षांत त्यांची एकही चूक कोणाला ऐकू आलेली नाही, आणि या अभ्यासाच्या पद्धतीने ती पुढेही पकडता येण्याजोगी नाही.